गिरणीत बातमी कशी पोचायची

१९०६ साल उजाडलं ते नवी वेळ घेऊन. सरकारने १ जानेवारीपासून देशभर एकच प्रमाण वेळ लागू केली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे होती. साहेबांना, तारखात्याला हे सोयीचं होतं. गिरणी कामगाराला मात्र त्याचा अर्थ असा लागला की भोंगा ३९ मिनिटं आधी वाजणार आणि सूर्य आपल्या जुन्याच वेळेला उगवणार. सकाळी अंधारात तेवढं आधी यायचं. संध्याकाळी तेवढं आधी सोडतील, याचा भरवसा कोणाला? त्याच महिन्यात जेकब ससून गिरणीतल्या कामगारांनी कामाला हात लावला नाही, दगडफेक झाली. महापालिकेने तर आपली 'मुंबई वेळ' पुढे १९५५ पर्यंत सोडली नाही.

मी या प्रसंगाकडे माझ्या नोकरीच्या नजरेने बघते. ठाण्याच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात मी पर्सोनेल खात्यात होते. खात्याचं नाव पुढे एचआर झालं, काम तेच राहिलं. वर ठरलेलं खाली सांगायचं आणि खाली बोललं जाणारं वर न्यायचं. पहिलं काम रोज व्हायचं, दुसरं कोणाला आठवलं तर. आता निवृत्तीनंतर तरुण मंडळी मला 'इंटर्नल कम्युनिकेशन'चं नियोजन कसं करावं यावर बोलायला बोलावतात. त्यांच्या स्लाइडवर बाण असतात, सगळे वरून खाली येणारे. मी त्यांना मुंबईच्या गिरणगावाचा, म्हणजे कापड गिरण्यांच्या वस्तीचा, इतिहास सांगायला बसते. मालकाने कामगाराला काय, कधी आणि कोणाच्या तोंडून सांगावं, याचा प्रयोग या शहरात शंभराहून जास्त वर्षं चालला आणि बहुतेक वेळा फसला.

कावसजी नानाभाई दावरांनी ताडदेवच्या गिरणीची कंपनी काढली ती १८५४ साली. पुढच्या तीसेक वर्षांत गिरण्या एकीला लागून एक उभ्या राहिल्या. आत काम करणारी माणसं रत्नागिरीकडची, साताऱ्याकडची, घाटावरची. शिकलेला विरळा, घड्याळ तर कोणाकडेच नाही. त्यामुळे मालकाचा पहिला निरोप्या म्हणजे भोंगा. तो अख्ख्या वस्तीला एकदम ऐकू जायचा, पण त्याला एकच गोष्ट सांगता यायची, ती म्हणजे 'या'. उशीर झाला तर फाटक बंद आणि दिवसाचा पगार गेला. भोंग्याशी वाद घालता येत नाही, आणि मला वाटतं मालकांना तो आवडायचा तो एवढ्याचसाठी.

बाकी सगळं बोलणं मुकादमामार्फत. जॉबर म्हणा, मुकादम म्हणा, बायकांच्या खात्यात नायकीण म्हणा. सुरुवातीच्या काळात खात्यांचे मास्तर बरेचसे लँकेशायरहून आलेले गोरे साहेब, पुढे पारशी आणि इतर. त्यांची भाषा इंग्रजी किंवा गुजराती. साच्यावर, म्हणजे मागावर, उभ्या असलेल्या माणसाशी ते थेट बोलतच नसत, बोलायचा तो जॉबर. तोच माणसं भरती करायचा, तोच रजा द्यायचा, कोणाला कुठला साचा द्यायचा हेही त्याच्याच हातात. गावाहून आलेल्याला खोली, खाणावळ, वाण्याकडे उधारी, वेळेला कर्ज, सगळीकडे त्याचा शब्द लागायचा. त्याच्या बदल्यात दस्तुरी, म्हणजे त्याचा वाटा. साहेबाचा हुकूम त्याच्या तोंडून खाली येताना थोडा बदलायचा आणि कामगाराचं गाऱ्हाणं वर जाताना त्याहून जास्त बदलायचं. दोन्ही टोकांना दुसऱ्याची भाषा कळत नसली की मधला माणूस मालक होतो.

माझी आत्या लालबागच्या एका गिरणीत कांडी खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात, होती. तिच्या तोंडी कायम "नायकिणीनं सांगितलं". खातं दोन दिवस बंद राहणार असलं की नायकीण ते आधी आपल्या गावच्या बायकांना सांगायची, म्हणजे त्यांना दुसरीकडे बदलीचं, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागेचं, काम शोधता यायचं. बाकीच्यांना ते फाटकावर आल्यावर कळायचं. आत्या नायकिणीच्या गावची नव्हती. तरी ती नायकिणीवर चिडलेली मला आठवत नाही. तिचं म्हणणं, "ती निदान तोंडानं तरी सांगते. कागद काय सांगणार?"

बातमी अशी गावकीच्या आणि जातीच्या वाटेने फिरायची. त्या वाटेवर जे नव्हते, त्यांच्यापर्यंत ती उशिरा पोचायची किंवा पोचायचीच नाही. अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचा खात्यात, म्हणजे जिथे जास्त पगार मिळे तिथे, घेतच नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि त्यांच्या तोंडचा धोटा बाकीच्यांना चालत नाही, असं कारण सांगितलं जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे स्पष्ट मांडला. कामगारांच्या एकीची भाषणं चालू असताना कोणीतरी ते बोलून दाखवणं गरजेचं होतं.

खालून वर जाणारी पहिली धड वाट काढली ती नारायण मेघाजी लोखंड्यांनी. ते सत्यशोधक समाजाचे, काही काळ गिरणीतच नोकरी केलेले, म्हणजे आतून सगळं पाहिलेले. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलेलं 'दीनबंधु' हे वर्तमानपत्र त्यांनी १८८० मध्ये हातात घेतलं आणि मुंबईहून चालवलं. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाच्या तासांना आळा, कामावर जखमी झालेल्याला भरपाई अशा त्यातल्या मागण्या. त्यातली मला सर्वात बोलकी वाटणारी मागणी साधीच आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत द्या. पगार कधी मिळणार हेही कामगाराला ठाऊक नसायचं, असा याचा अर्थ. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे १० हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायका बोलल्या. १० जूनला गिरणी मालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. अर्जापासून होकारापर्यंत सहा वर्षं. पण मधला माणूस टाळून निरोप वर गेला होता आणि उत्तर आलं होतं, एवढं गिरणगावाने पाहिलं.

पुढचा काळ नोटिशीचा. फाटकाजवळ फळा लावून त्यावर कागद चिकटवायला मालक शिकले आणि कागद चिकटवला म्हणजे सांगितलं, असं धरून चालू लागले. त्याचा नमुना बोनसचा. पहिल्या महायुद्धाच्या तेजीत गिरण्यांनी बोनस द्यायला सुरुवात केली आणि काही वर्षं तो मिळत गेला. १९२३ मध्ये मंदी आली. या वर्षी बोनस नाही, अशी नोटीस वर्ष संपायच्या आधीच गिरण्यांत लागली. फारसं कोणी काही बोललं नाही. मालकांना वाटलं, ऐकलं आणि मानलं. जानेवारी १९२४ मध्ये बोनस हातात पडला नाही तेव्हा दीड लाखाच्या आसपास माणसं बाहेर पडली आणि संप मार्चपर्यंत चालला. चौकशी समितीने निकाल दिला की बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क नाही. निकाल कायद्याला धरून असेलही. पण ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी फळ्यावर कागद लावून त्याच्या गप्प बसण्याला होकार समजणं, ही चूक मी माझ्या नोकरीत अगदी पदवीधर माणसांच्या बाबतीत होताना पाहिली आहे. ईमेलला उत्तर आलं नाही म्हणजे सगळ्यांना पटलं, असं मानणारे साहेब मला भेटले आहेत.

१९२५ मध्ये मालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. पुन्हा संप. शेवटी सरकारने कापडावरची अबकारी थांबवली आणि डिसेंबरात कपात मागे घेतली गेली. या वेळी निरोप नीट पोचला होता आणि म्हणूनच संप झाला. निरोप पोचला की मान्य होतो, असं मात्र काही नसतं.

खरं रामायण १९२८ चं. ससून गटाच्या गिरण्यांत 'कार्यक्षमते'च्या नावाखाली विणकराला दोनाऐवजी तीन साचे आणि कताईत एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळायला दिल्या. एका माणसाचं काम वाढलं आणि शेजारच्या माणसाचं गेलं. एप्रिलमध्ये सुरू झालेला संप ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने टिकला. पुढाऱ्यांपैकी ना. म. जोशी, डांगे, निंबकर, मिरजकर ही नावं सगळ्यांना माहीत असतात. अर्जुन आत्माराम आळवे आणि गोविंदराव कासले ही दोन नावं मागे पडतात आणि ते दोघं तर गिरणीतून आलेले कामगार होते. संपाच्या सतरा मागण्यांत पगाराच्या मागण्या होत्या, तासांच्या होत्या, पण एक मागणी वेगळ्या जातीची होती. कामाच्या अटींत कामगारांना तोट्याचा बदल करायचा असेल तर आधी त्यांच्या प्रतिनिधींची संमती घ्या. मागणीचा रोख सरळ होता, आम्हाला आधी विचारा. माझ्या मते पगाराच्या मागण्यांपेक्षा याच मागणीने मालक जास्त बिथरले असणार, कारण पगाराचं गणित बसवता येतं, विचारण्याची सवय मात्र मुळापासून लावावी लागते.

संपानंतर गिरणी कामगार युनियनचे सभासद पन्नास हजारांवर गेले आणि गिरणीगणिक गिरणी समित्या उभ्या राहिल्या. खात्यातलीच माणसं समितीवर. कोणाला जॉबरने काढलं, कोणाचा पगार कापला, तर समिती थेट मॅनेजरच्या दारात. जॉबरच्या पायाखालची जमीन सरकली ती इथे. मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या खटल्यासाठी युनियनचे पुढारी पकडले गेले, त्याच वर्षीचा पुढचा संप मोडला आणि समित्याही विस्कटल्या. पण त्या थोड्या महिन्यांत, माझ्या मते, या शहरातली कामगार आणि व्यवस्थापनातली सर्वात चोख बोलणी झाली. ती मालकांनी ठरवलेली नव्हती आणि त्यांना नकोशीही होती.

आपली वाट आखायला मालक आणि सरकार त्यानंतर बसले. कामगारांच्या प्रश्नांवरच्या व्हिटली आयोगाचा अहवाल १९३१ मध्ये आला. भरती जॉबरच्या हातून काढा आणि कारखान्यात लेबर ऑफिसर नेमा, असं त्यात सांगितलं. त्या अधिकाऱ्यावर जनरल मॅनेजर सोडून दुसऱ्या कोणाचा अंमल नसावा, तो सचोटीचा असावा, माणसं ओळखणारा असावा आणि त्याला कामगारांच्या भाषा याव्यात. माझ्या हुद्द्याचा हा आजोबा. नव्वदहून जास्त वर्षांपूर्वी लिहिलेली ही अट वाचून मला हसू येतं, कारण एचआरच्या किती मुलाखतींत मी उमेदवाराला "मराठी येतं का?" विचारलं आणि शेजारी बसलेल्या साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, हे मलाच माहीत. १९३४ च्या कायद्याने मुंबईत सरकारी लेबर ऑफिसर आला, मालक संघानेही आपला नेमला. १९३५ मध्ये बदली कामगारांसाठी कार्डं निघाली. महिन्याच्या सुरुवातीला कार्ड मिळायचं, कार्डवाल्याने रोज सकाळी फाटकावर हजर राहायचं आणि जागा रिकामी असली तर त्यालाच काम. जॉबरच्या मर्जीऐवजी कागद आला. जॉबर लगेच संपला नाही, पण त्याचं तोंड एवढं महाग राहिलं नाही.

१९३८ च्या मुंबईच्या औद्योगिक विवाद कायद्याने अटी बदलण्याआधी मालकाने नोटीस दिलीच पाहिजे असं ठरवलं. १९२८ ची मागणी अर्धीमुर्धी कायद्यात आली. पण त्याच कायद्याने तडजोडीच्या सगळ्या पायऱ्या पुऱ्या होईपर्यंत संप बेकायदा केला. म्हणून ७ नोव्हेंबर १९३८ ला आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट, ज्यांचं एरवी पटत नसे, ते एका दिवसाच्या संपात एकत्र उतरले. आधी सांगायचं मालकावर बंधन आणि ऐकून घ्यायचं कामगारावर. 'नाही' म्हणायची मुभा काढून घेतली की नोटिशीला काय अर्थ उरतो, हा प्रश्न त्यांना अचूक कळला होता.

माझे वडील लोअर परळच्या एका गिरणीत हजेरी खात्यात कारकून होते. त्यांच्याकडे फळ्याचं काम होतं. फॅक्टरी कायद्याने फाटकाजवळच्या नोटिसा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत लावायच्या, शिवाय त्या स्वच्छ आणि वाचता येतील अशा ठेवायच्या. हेड ऑफिसकडून मराठी मजकूर यायचा, त्यात "उपरोक्त विषयास अनुसरून सर्व संबंधितांस कळविण्यात येते की" इथपर्यंत येतानाच वाचणाऱ्याचा दम संपायचा. वडील तो कागद काचेच्या पेटीत लावायचे, कायद्यासाठी. आणि शेजारच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहायचे: "साचा खात्याची दुसरी पाळी सोमवारी बंद. बदलीवाल्यांनी येऊ नये." वेळही त्यांनी बघून ठरवलेली. सकाळी सातच्या पाळीला माणूस फाटकातून धावत आत जातो, तेव्हा फळ्याकडे कोण बघणार? साडेतीनला पहिली पाळी सुटते आणि दुसरी आत येते, तेव्हा दोन्हीकडची माणसं दहा मिनिटं एकत्र असतात. म्हणून खडूची नोटीस तीन वाजता. फळा त्यांनी हजेरीच्या खिडकीजवळून हलवून चहावाल्याच्या भिंतीवर आणवला होता, कारण तिथे रिंग खात्यातला एक भजनी बुवा उभा राहायचा आणि तो मोठ्याने वाचायचा. बुवाने वाचलं की प्रश्न यायचे. वडील ते प्रश्न ऐकून घ्यायला मुद्दाम खिडकीबाहेर येत. कोणत्याही मॅनेजमेंटच्या पुस्तकात मी याहून बरं नियोजन वाचलेलं नाही आणि त्यांच्या साहेबांनी ते कधी वाचलं असतं तर फळा परत खिडकीजवळ गेला असता.

युनियनच्या बाजूला हे काम शाहीर करत. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक १९४४ मध्ये उभं राहिलं. मालकाच्या नोटिशीला गाणं हे उत्तर आलं की फळा फिका पडणारच.

१९५६ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ घातलं गेलं. पगार, पाळ्या, रजा, कामाच्या अटी यांत बदल करायचा तर २१ दिवस आधी नोटीस. ठाण्यात माझं निम्मं आयुष्य या कलमाशेजारी गेलं. व्यवस्थापन ते २१ दिवस नुसते मोजायचं. नोटीस लागली, दिवस भरले, बदल लागू. युनियनला ते २१ दिवस बोलण्यासाठी हवे असायचे. एकदा पाळ्यांच्या वेळा अर्ध्या तासाने पुढे सरकवायच्या होत्या. मी नोटिशीच्या आधीच खात्याखात्यात जाऊन विचारलं तेव्हा कळलं की नव्या वेळेने मुंब्रा-कळव्याकडच्या माणसांची ठरलेली लोकल चुकते. वीस मिनिटं सरकवलं असतं तर चाललं असतं. वरिष्ठांचं म्हणणं, कायद्याने आधी विचारायला सांगितलेलं नाही, कळवायला सांगितलंय. अर्धा तासच झाला, आणि पुढचे दोन महिने उशिराच्या लाल शेऱ्यांनी हजेरीपत्रक भरून गेलं.

१९८२ चा गिरणी संप मी इथे लांबवत नाही, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. एकच बाजू सांगते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मालकाने बोलायचं ते मान्यताप्राप्त युनियनशी, म्हणजे कापड गिरण्यांत राष्ट्रीय मिल मजदूर संघाशी. कामगार मात्र युनियन नेते दत्ता सामंत यांच्या सभेला. १८ जानेवारीला अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली. संपाच्या मागण्यांत तो कायदाच रद्द करा, हीही होती. म्हणजे ज्या संघाशी बोलायचं त्याचं कामगार ऐकत नव्हते आणि ज्याचं ऐकत होते त्याच्याशी बोलायला कायद्याने जागा नव्हती.

पावसाळ्यापर्यंत बरीच माणसं गावी गेली होती. वडिलांच्या गिरणीने ठरवलं की प्रत्येकाला कामावर हजर व्हा म्हणून पत्र पाठवायचं. हजेरी खात्यातले चार कारकून पत्ते काढायला बसले. पत्ते भरतीच्या वेळचे, कधीकाळी जॉबरने सांगितले ते, कुठे फक्त तालुका, कुठे वाडीचं नाव आणि पुढे काहीच नाही. वडिलांनी साहेबांना सुचवलं की लालबाग-परळला गावकीच्या खोल्या आहेत, तिथे प्रत्येक गावची दोन-चार माणसं अजून आहेत, दर आठवड्याला कोणीतरी एसटीने जातं, त्यांच्याशी बसून बोलावं आणि निरोप त्यांच्याकडे द्यावा, म्हणजे त्यांचं उत्तरही येईल. साहेबांनी विचारलं, "आणि पोचपावतीवर सही कोण करणार?" पत्रं टपालानेच गेली, रजिस्टर्ड.